आमची वाद्यसंपत्ति आणि तिची वांटणी

ज्युबिली हा शब्द आपल्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, तो मूळचा एका वाद्याचा आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. इब्री भाषेंत ‘योबेल’ म्हणजे मेंढ्याचें शिंग. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत सांगितल्याप्रमाणें दर पन्नासाव्या वर्षीं, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, सर्व देशभर शिंग फुंकलें जाई. त्या वर्षीं हातची गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत येई व दास मोकळे होत. म्हणजे ज्युबिलीचा आरंभ वाद्यानें होतो आणि तिचें सार हातांतलें कांहींतरी सोडून देण्यांत आहे. या दोन्ही गोष्टी मनांत धरून या स्मरणिकेंत एका थोड्या वेगळ्या विषयाचा इतिहास सांगावा असें मीं योजिलें आहे.

विषय असा: ज्या मंडळीजवळ वाद्यांचा मोठा संचय झाला आहे, तिनें तो कमी करावयाचा झाल्यास कसा करावा? हा प्रश्न आज आपल्या धर्मग्रामापुढें खरोखरच उभा आहे. गायकवृंदाच्या माळ्यावर पायपेट्या, व्हायोलिनें, क्लॅरिनेट, कॉर्नेट, बँडचा मोठा ढोल अशीं वाद्यें पिढ्यान् पिढ्या सांठत आलीं आहेत. माळ्याच्या तुळया आतां बदलावयाच्या आहेत, आणि उतरविलेलीं वाद्यें पुन्हां तेथेंच चढवावीं कीं नाहीं याविषयीं आपणांत दोन तट पडले आहेत. ‘पूर्वजांची ठेव आहे, तिला हात लावूं नये’ असें एका पक्षाचें म्हणणें. ‘वाळवीला खाऊं घालण्यापेक्षां विकून मोकळे व्हा’ असें दुसऱ्याचें. दोघांचाहि हेतु चांगला आहे. निर्णय करण्यापूर्वीं आपल्या या किनाऱ्यावर असा प्रसंग पूर्वीं कसा आला व त्याचें फळ काय झालें, हें पाहणें उपयोगीं पडेल.

चौलचें वैभव

आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे पूर्वीच्या कुलाब्याच्या व १९८१ पासूनच्या रायगडच्या किनाऱ्यावर, कुंडलिकेच्या मुखाशीं एका अंगास रेवदंडा व दुसऱ्या अंगास कोर्लईचा डोंगर उभा आहे. अहमदनगरच्या निजामशाहाच्या संमतीनें पोर्तुगीजांनीं १५२१ सालीं येथें कोट बांधण्यास आरंभ केला. १५७०-७१ मध्यें त्याच निजामशाहीच्या फौजेनें कोटास दीर्घ वेढा दिला. १५९४ मध्यें पोर्तुगीजांनीं समोरचा कोर्लईचा किल्लाहि घेतला. या काळांत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, येशूसंघीय व ऑगस्टिनियन अशा चार संघांचे मठ व मंदिरें कोटाच्या आंत उभीं राहिलीं. त्यांपैकीं फ्रान्सिस्कनांच्या संत बार्बरा मठाचा मनोरा आजहि लोकांत ‘सातखणी’ या नांवानें ओळखला जातो. माडांच्या वर डोकावणारा तो भग्न मनोरा पाहिला म्हणजे ज्या कामासाठीं असे मनोरे उभारीत तें काम सहज डोळ्यांपुढें येतें. मनोरा म्हणजे घंटेचें घर.

त्या काळीं घरोघरीं घड्याळें नव्हतीं. वाडींत शिंपणें करणारा, मिठागरांत राबणारा, होडींत जाळें ओढणारा, सर्वांचा दिवस घंटेनें मोजला जाई. त्रिकाळ प्रार्थनेची घंटा वेगळी, मिस्सेची वेगळी, मृताची वेगळी आणि संकटाची वेगळी. प्रत्येक मठास आपल्या नित्य प्रार्थनांसाठीं आपली घंटा लागे. शिवाय घंटा ही केवळ वस्तु नव्हे. महागुरुस्वामी तिला पवित्र तेल लावून आशीर्वाद देत व तिला संताचें नांव ठेवीत, म्हणून लोक त्या विधीला ‘घंटेचा बाप्तिस्मा’ म्हणत. वसईपासून चौलपर्यंत दोन शतकांत जितके मठ आणि जितकीं देवळें झालीं, तितका हा नादाचा संचय वाढत गेला. आपल्या किनाऱ्यावरील वाद्यांचा पहिला मोठा संग्रह तो हाच.

घंटेला वाद्य म्हणावें काय, अशी शंका कोणी घेईल. भारतीय शास्त्रकारांनीं वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग केले आहेत: तारेचीं, फुंकण्याचीं, कातड्यानें मढविलेलीं आणि भरीव धातूचीं. घंटा ही घनवाद्य होय. तिची धातुहि आपणांस परकी नाहीं. सुमारें चार भाग तांबें व एक भाग कथील मिळून जें कांसें होतें त्याच जातीच्या कांशाच्या आपल्या टाळझांजा होतात. ही मिश्रधातु कठीण व ठिसूळ असते. म्हणूनच तिचा नाद स्वच्छ निघतो व दीर्घ काळ टिकतो, आणि म्हणूनच घंटा पडली तर वांकत नाहीं, तडकते. तडकलेल्या घंटेचा नाद दुरुस्त होत नाहीं; ती पुन्हां ओतावीच लागते.

घंटांची पांगापांग

१७३७ च्या मार्च महिन्यांत ठाण्यावरील हल्ल्यानें मराठ्यांची साष्टी-वसईची मोहीम सुरू झाली. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या हातीं वसई आली. पुढील वर्षीं, १७४० सालीं, इंग्रजांच्या मध्यस्थीनें तह होऊन चौल व कोर्लई हीं ठाणींहि मराठ्यांकडे गेलीं. मठ ओस पडले, मनोरे मुके झाले, आणि त्यांवरील घंटा देशावर व कोंकणांत पांगल्या.

त्यांतील पुष्कळ घंटा आजहि पाहावयास मिळतात. नाशिकास गोदावरीच्या कांठीं, १७४७ सालीं बांधलेल्या नारोशंकराच्या देवळास जो कोट आहे, त्याच्या नदीकडील बाजूस एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिजवर १७२१ हें वर्ष ओतलेलें आहे, आणि ‘नारोशंकराची घंटा’ म्हणून ती सर्वतोमुखीं झाली आहे. वाईजवळ मेणवलीस, नाना फडणिसांच्या गांवीं, कृष्णेच्या घाटावर १७०७ सालची घंटा आहे. तिजवर पवित्र मारिया व बाळ येशू यांची आकृति आहे. भीमाशंकराच्या देवळासमोर अशीच घंटा आहे. थेऊर व सिद्धटेक येथील गणपतीच्या देवळांतील मोठ्या घंटाहि वसईच्याच, असें परंपरा सांगते. आपल्या रायगड जिल्ह्यांतसुद्धां, पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळांतली युरोपीय बनावटीची घंटा चिमाजी अप्पांनीं साष्टी-वसईच्या विजयानंतर आणविलेली म्हणून प्रसिद्ध आहे.

या घंटांना नव्या घरीं वाजण्याची रीतहि नवी मिळाली. आपल्या मनोऱ्यांत घंटा आडव्या तुळईवर झुलते व दोर ओढला म्हणजे सबंध घंटाच हेलकावे खाते. देवळांत ती स्थिर असते व भक्त तिचा लोळा हलवितो. नाद मात्र त्याच कांशाचा.

आपल्यापैकीं कित्येकांना ही हकीकत ऐकून खेद होतो, व तें स्वाभाविक आहे. ‘त्या घंटा परत मागाव्या’ असेंहि मधून मधून कोणी म्हणतो. याविषयीं दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी कीं, युद्धांत घंटांचें सर्वत्र काय होतें हें पाहिलें पाहिजे. फ्रान्समध्यें राज्यक्रांतीच्या काळीं, १७९३ च्या जुलै महिन्यांत, प्रत्येक धर्मग्रामास एकच घंटा ठेवावी व बाकीच्या तोफखान्यासाठीं द्याव्या असा हुकूम सुटला. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सरकारनें युरोपांतील सुमारें १,७५,००० घंटा उतरविल्या व त्यांपैकीं सुमारें १,५०,००० नष्ट झाल्या. घंटेचें कांसें व तोफेचें कांसें यांत भेद कथिलाच्या प्रमाणाचा. तोफेच्या धातूंत कथील सुमारें एक दशांश असतें. घंटा वितळवून तींत तांब्याची भर घातली कीं तोफेची धातु तयार होते. अठराव्या शतकांत तोफा नको होत्या असें कोणतें राज्य होतें? असें असतां या घंटा भट्टींत न जातां देवासमोर टांगल्या गेल्या. विजयाची खूण म्हणून नेल्या हें खरें; पण घंटा या घंटाच राहिल्या. जवळ जवळ तीन शतकें यात्रेकरूंनीं त्यांना श्रद्धेनें हात लावला आहे, आणि मेणवलीच्या घंटेवरील माउलीची आकृति आजहि ओळखूं येते. अशा घंटा परत मागण्यास निदान माझें मन धजत नाहीं.

दुसरी गोष्ट मात्र खऱ्या हानीची आहे. घंटा वांचल्या; त्यांचें माहेर हरवलें. कांशांत वर्ष ओतलेलें आहे, क्रूस ओतलेला आहे. पण जिच्यावर देवळाचें नांव नाहीं, ती कोणत्या मनोऱ्यावर होती, कोणीं वर्गणी दिली, कोणत्या संताचें नांव तिला ठेविलें होतें, हें घंटा स्वतः सांगूं शकत नाहीं. उतरवितांना कोणी वहींत दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर हीच घंटा दोन समाजांच्या समाईक इतिहासाची साक्षीदार झाली असती. तात्पर्य, वस्तु हातची जाण्यापेक्षां तिचें नांव जाणें ही अधिक मोठी हानि होय.

गोंव्याचा अनुभव

अशीच दुसरी वांटणी गोंव्यांत झाली, आणि ती शत्रूनें नव्हे तर ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सरकारनेंच केली. पोर्तुगालमध्यें १८३४ सालीं पुरुषांचे धर्मसंघ बंद करण्याचा हुकूम निघाला व १८३५ मध्यें तो गोंव्यांत अमलांत आला. जुन्या गोंव्याच्या टेकडीवरील ऑगस्टिनियन मठ ओस पडला. १८४२ सालीं त्याच्या मंदिराचें छत कोसळलें, व १९३१ मध्यें मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. परंतु त्या मनोऱ्यांतली मोठी घंटा तत्पूर्वींच उतरविली होती. कांहीं काळ ती अग्वाद किल्ल्याच्या दीपगृहापाशीं राहिली, आणि १८७१ सालीं पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या मंदिरावर चढविली गेली. आज पणजीस जाणारा प्रत्येक जण तो पांढरा जिना व वरची घंटा पाहतो. या घंटेचा प्रवास आपण वर्षांसह सांगूं शकतों, याचें कारण एवढेंच कीं तो लिहिला गेला. मठ राहिला नाहीं; घंटा राहिली आणि तिचें नांवगांवहि राहिलें.

मंदिरांतलीं वाद्यें कां वाढलीं, कां अबोल झालीं

आतां मनोऱ्यावरून खालीं, गायकांच्या माळ्यावर येऊं. १९०३ सालच्या २२ नोव्हेंबर रोजीं, गायकांची आश्रयदाती संत सेसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, पुण्यपिते दहावे पायस यांनीं धर्मसंगीताविषयीं एक आज्ञापत्र काढलें. त्या काळीं युरोपांतील कित्येक मंदिरांत नाटकगृहांतील थाटाचें संगीत शिरलें होतें. पुण्यपित्यांनीं पियानो, ढोल, झांजा असल्या वाद्यांस मंदिरांत मनाई केली. बँडनें मंदिराच्या आंत वाजवूं नये, महागुरुस्वामींच्या परवानगीनें बाहेरच्या मिरवणुकींत मात्र वाजवावें, असें ठरविलें. ऑर्गनला मानाचें स्थान राहिलें. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ च्या डिसेंबरांत उपासनेविषयींच्या आपल्या पत्रकांत नळ्यांच्या ऑर्गनचा मान कायम ठेवून, त्या त्या देशाचीं योग्य वाद्यें उपासनेंत घेण्यास वाट मोकळी केली. आणि लोकभाषेंतील गायनासहि तेव्हांपासून बहर आला.

आपल्या किनाऱ्यावर नळ्यांचा ऑर्गन परवडणें व खाऱ्या हवेंत सांभाळणें दोन्ही कठीण. त्याची जागा पायपेटीनें घेतली. १८४२ सालीं पॅरिसमध्यें दबें नांवाच्या कारागिरानें हार्मोनियमचें पेटंट घेतलें, व थोड्याच काळांत तें वाद्य मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानांत आलें. येथें त्याची हातपेटी झाली आणि ती भजनांत, नाटकांत, घरोघरीं शिरली. रेडिओनें १९४० मध्यें तिला दार बंद केलें तें १९७१ पर्यंत. पण लोकांच्या घरून ती हलली नाहीं. त्याचप्रमाणें बँडहि मंदिराबाहेर जगला: सणांच्या मिरवणुकींत, लग्नांत, अंत्ययात्रेंत. प्रत्येक पिढीनें आपलें वाद्य माळ्यावर आणलें. मृताच्या स्मरणार्थ दिलेलें वाद्य परत नेण्याचा प्रश्नच नव्हता. मग मुलें नोकरीसाठीं मुंबईस व आखातांत गेलीं, बँड विस्कळित झाला, विजेवर चालणारी पेटी आली. अशा रीतीनें संचय वाढत गेला व वाजविणारे कमी होत गेले.

दोन संग्राहक

संचय स्वेच्छेनें सोडणाऱ्यांचेंहि उदाहरण आपल्या देशांत आहे. कलकत्त्याचे राजे सर सौरींद्रमोहन टागोर यांनीं १८७१ सालीं संगीतशाळा स्थापिली व देशी वाद्यें हौसेनें जमविलीं. त्यांनीं १८७६ मध्यें सुमारें शंभर वाद्यें बेल्जियमचे राजे दुसरे लिओपोल्ड यांस भेट दिलीं. पुढील वर्षीं ब्रुसेल्सच्या संगीतविद्यालयांत जें वाद्यसंग्रहालय निघालें, त्याच्या पायांत हीं वाद्यें आहेत. तेथील पहिले व्यवस्थापक माहियों यांनीं वाद्यांचे चार वर्ग करून सूचि तयार केली. आपल्या तत-सुषिरादि वर्गांशीं तिचें साम्य उघड आहे. पुण्यांत दिनकर केळकर यांनीं आयुष्यभर जमविलेला संग्रह, ज्यांत वाद्यांचें स्वतंत्र दालन आहे, १९७५ सालीं आपल्या बाळपणींच वारलेल्या राजा नांवाच्या मुलाच्या स्मरणार्थ महाराष्ट्र सरकारास दिला. एकानें वाद्यें दूर देशीं पाठविलीं, दुसऱ्यानें एकत्र राखून समाजास दिलीं. दोघांच्याहि दानास नांव व वर्ष आहे, म्हणून तें दान टिकलें. तथापि एक गोष्ट खरी: कांचेच्या कपाटांत वाद्याचें रूप राहतें, त्याचा कंठ राहत नाहीं.

कंठ कशानें राहतो याचें उत्तर कोर्लई देतें. १७४० मध्यें पोर्तुगीज सत्ता गेली. परंतु कोर्लईच्या ख्रिस्ती घरांतून पोर्तुगीजाची एक आगळी बोली आजपर्यंत चालत आली आहे. तिला लोक ‘नौ लिंग’, म्हणजे आमची बोली, म्हणतात. तिला ना दरबार होता, ना शाळा. आईनें लेंकराशीं बोलावें, एवढ्यावर ती जगली. वाद्याचेंहि तसेंच आहे.

आपण काय करावें

माळ्यावरील वाद्यें ठेवून राखतां येत नाहींत, हें सांगतांना मला सुखाचें वाटत नाहीं, पण तें खरें आहे. खाऱ्या दमट हवेनें पेटीच्या पितळी सुरांवर गंज चढतो, भात्याचें कातडें फाटतें, पावसाळ्यांत व्हायोलिनच्या सांध्यांचा सरस सुटतो, आणि लांकडास वाळवी लागते. रोज हवा खेळणारी पेटी वर्षानुवर्षें टिकते. झांकून ठेवलेली पेटी लवकर बिघडते. म्हणून ‘हात लावूं नये’ म्हणणाऱ्या बंधूंना माझें सांगणें कीं, हात न लावणें हाच येथें नाश आहे.

‘विकून मोकळे व्हा’ म्हणणाऱ्यांनाहि सांगणें आहे. धर्मशास्त्राप्रमाणें धर्मग्रामाच्या मौल्यवान व सांस्कृतिक वस्तूंची नीट यादी असली पाहिजे. विशिष्ट हेतूनें दिलेलें दान त्याच हेतूस लागलें पाहिजे. आणि नवसानें दिलेली किंवा ऐतिहासिक मोलाची वस्तु वरिष्ठांच्या संमतीशिवाय देतां येत नाहीं. उपासनेसाठीं दिलेलें वाद्य मोडीच्या भावानें पितळवाल्यास घालणें हें दात्याच्या हेतूस धरून नाहीं. मोडीची भट्टी आणि तोफखान्याची भट्टी, कांशाला दोन्ही सारख्याच.

यास्तव आपल्या विचारासाठीं चार सूचना मांडतों. पहिली, एकहि वाद्य हलविण्यापूर्वीं त्याची नोंद वहींत व्हावी: कारखान्याचें नांव, दात्याचें नांव, कोणाच्या स्मरणार्थ, कोणीं वाजविलें, कोणत्या सणास, सोबत छायाचित्र, आणि तें वाजत असेल तर त्याच्या आवाजाचें मुद्रण. दुसरी, दात्यांच्या वंशजांना आधीं विचारावें. घरांत कोणी वाजविणारें असेल तर वाद्य त्या घरीं जावें. तिसरी, उरलेलीं चांगलीं वाद्यें जेथें वाजतील तेथें द्यावीं: शेजारच्या खेड्यांतील प्रार्थनामंदिरास, शाळेस, शिकणाऱ्या मुलास, जातिधर्माचा भेद न करतां, आणि शक्यतों विनामूल्य. जीं दुरुस्त होण्यासारखीं नाहींत त्यांचे सूर, पट्ट्या, कळा दुसऱ्या वाद्यांच्या दुरुस्तीस द्याव्या. चौथी, एक पायपेटी व बँडचीं मोजकीं वाद्यें येथेंच, चालू स्थितींत, ठेवावीं. आणि तीं शिकविण्याची सोय दर आठवड्यास असावी. शिकणारा नसेल तर ठेवलेलें वाद्यहि गेल्यासारखेंच आहे.

एका वृद्ध भगिनीनें सभेंत विचारिलें कीं, वडिलांचें व्हायोलिन दुसऱ्या गांवीं गेलें म्हणजे ते पुन्हां एकदां गेले असें नाहीं का होणार? प्रश्न जिव्हारींचा आहे, आणि त्याला हिशेबाचें उत्तर पुरत नाहीं. मी एवढेंच म्हणेन कीं, पालीच्या देवळांतली घंटा ज्यांनीं ओतविली त्या भाविकांचीं नांवें आज कोणी घेत नाहीं, तरी त्यांच्या दानाचा नाद रोज सकाळीं उमटतो. आपल्या वडिलांचें नांव तर आपण वहींत लिहूनच वाद्य देणार आहोंत. नांवहि राहील आणि नादहि राहील. जुन्या मंडळीला जें साधलें नाहीं तें आपल्याला साधण्याजोगें आहे.

ज्युबिलीचें शिंग फुंकलें म्हणजे ज्याचें त्याला परत करावें, ही प्राचीन आज्ञा. वाद्य हें शेवटीं वाजविणाऱ्याचें असतें. तें त्याच्या हातीं पोंचविण्याची सुबुद्धि व औदार्य या मंगल वर्षीं परमेश्वर आपणां सर्वांस देवो, आणि या किनाऱ्यावर त्याच्या स्तुतीचा नाद अखंड राहो, हीच प्रार्थना.